पारा आठ अंशांवर आणि पाने गोठलेली : सौम्य हवामानातल्या बागेला थंडी कशी बाधते

डिसेंबर-जानेवारीत महाराष्ट्रातील थंडीची बातमी निफाड आणि महाबळेश्वर या दोन नावांशिवाय सहसा पूर्ण होत नाही. निफाडची बातमी आकड्याची असते. तेथील कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रावर डिसेंबर २०१८ च्या अखेरीस किमान तापमान दोन अंशांच्याही खाली नोंदवले गेले होते, आणि एरवीही निफाडचा पारा नाशिक शहरापेक्षा बहुधा खालीच असतो. महाबळेश्वरची बातमी आकड्यापेक्षा छायाचित्राची असते. वेण्णा तलावाच्या काठी दवबिंदू गोठलेले दिसतात, बोटी बांधण्याच्या धक्क्यावर, मोटारींच्या टपांवर आणि स्ट्रॉबेरीच्या पानांवर बर्फाचा पांढरा पापुद्रा बसलेला असतो. त्याच बातमीच्या शेवटी वेधशाळेने नोंदवलेले किमान तापमान दिलेले असते आणि ते मात्र सहा, आठ, कधी दहा अंश सेल्सिअस असते. शून्य अंशाला गोठणारे पाणी आठ अंशांना कसे गोठले, असा प्रश्न वाचकाला पडतो, आणि मग छायाचित्र किंवा वेधशाळा यांपैकी एकावर अविश्वास दाखवून तो मोकळा होतो. प्रत्यक्षात दोन्ही नोंदी खऱ्या असतात.

या दोन नोंदींचा मेळ कसा बसतो हे बाग करणाऱ्याने समजून घेण्यासारखे आहे, कारण आपल्याकडच्या थंडीचा स्वभावच वेगळा आहे. काश्मीर किंवा हिमाचल प्रदेशात उणे तापमान गृहीत धरूनच झाडे निवडली जातात. सफरचंदाला तर बहर येण्यासाठी हिवाळ्यात पुरेशी थंडी मिळावीच लागते. दख्खनच्या पठारावरील बागेत मात्र केळी, पपई, अळू, क्रोटन, तुळस, टोमॅटो, मिरची अशी उष्ण प्रदेशातील झाडे जवळजवळ वर्षभर सुखाने वाढतात, आणि मग जानेवारीतील दोन-चार पहाटांत त्यांची कित्येक महिन्यांची वाढ करपून जाते. अशा ठिकाणी गाव किती थंड होते यापेक्षा त्या झाडाचे पान त्या पहाटे किती थंड झाले, यावर सारे अवलंबून असते.

पान हवेपेक्षा थंड का होते

वेधशाळेचा तापमापक जमिनीपासून सुमारे सव्वा मीटर उंचीवर, झडपांच्या पांढऱ्या पेटीत ठेवलेला असतो. तो हवेचे तापमान मोजतो आणि त्याच्या व आकाशाच्या मध्ये पेटीचे छप्पर असते. उघड्यावरच्या पानाला असे छप्पर नसते. प्रत्येक वस्तू आपली उष्णता अवरक्त, म्हणजे डोळ्यांना न दिसणाऱ्या, किरणांच्या रूपाने सतत बाहेर टाकत असते आणि भोवतालच्या वस्तूंकडून तशीच उष्णता तिला मिळतही असते. रात्री आकाशाखाली उघड्या असलेल्या पानाला वरून जी उष्णता मिळते, ती हवेतील बाष्पाकडून आणि ढगांकडून. ढग असतील तर ती भरपूर मिळते. आकाश निरभ्र आणि हवा कोरडी असेल तर फार थोडी मिळते. अशा रात्री उघड्या जमिनीच्या प्रत्येक चौरस मीटरमधून साधारण ७० ते १०० वॅट इतकी उष्णता आकाशाकडे निघून जाते आणि परत येत नाही. जमिनीत दिवसभराच्या उन्हाचा मोठा साठा असल्यामुळे ती हळूहळू निवते. पान अतिशय पातळ असते, त्यात साठा जवळजवळ नसतो आणि जमिनीला ते चिकटलेलेही नसते. त्यामुळे वारा पडलेला असेल तर ते भोवतीच्या हवेपेक्षाही दोन-तीन अंशांनी थंड होते. मोटारीच्या टपाचा पातळ पत्रा याच कारणाने सर्वांत आधी पांढरा होतो.

त्यात आणखी एका गोष्टीची भर पडते. जमीन निवली की तिला लागून असलेली हवा निवते, आणि थंड हवा जड असल्याने ती खालीच राहते. दिवसा आपण जसजसे वर जावे तसतशी हवा थंड होत जाते. निरभ्र, निवांत रात्री याच्या उलट घडते. गवताच्या टोकांपाशी हवा सर्वांत थंड असते, डोक्याच्या उंचीवर थोडी उबदार, आणि दहा-पंधरा मीटरवर त्याहून काही अंशांनी उबदार. हवामान खाते गवताच्या पातळीवरील किमान तापमान वेगळे मोजते ते याचसाठी, आणि शांत रात्री ते पेटीतील तापमानापेक्षा तीन ते पाच अंशांनी, क्वचित त्याहूनही अधिक, खाली असते. वृत्तपत्रात मात्र पेटीतलाच आकडा येतो.

जड झालेली थंड हवा उतारावरून ओघळते आणि खोलगट जागी साचते. महाबळेश्वरची वेधशाळा उंचावर आहे आणि वेण्णा तलाव खोलगट भागात आहे. दोन्ही ठिकाणे एकाच गावात असूनही त्यांच्या पहाटा वेगळ्या असतात. निफाडचा परिसर गोदावरी आणि कादवेच्या सखल, मोकळ्या, शेतीच्या पट्ट्यात येतो, तर नाशिक शहरात दिवसभर तापलेले काँक्रीट रात्री उष्णता सोडत राहते. हाच हिशेब एका बंगल्याच्या आवारातही लागू पडतो. उताराच्या खालच्या बाजूला भरीव कुंपणभिंत किंवा दाट मेंदीची रांग असेल तर ओघळत आलेली थंड हवा तिच्यामागे अडते, आणि नेमकी तिथेच लावलेली पपई दर वर्षी करपते. अशा भिंतीत तळाशी मोकळी जागा ठेवणे किंवा त्या कोपऱ्यात नाजूक झाड न लावणे, हे दोन्ही उपाय कोणत्याही फवारणीपेक्षा खात्रीचे आहेत.

धोक्याची रात्र ओळखणे यावरून फारसे अवघड नाही. उत्तर भारतावरून पश्चिमी झंझावात, म्हणजे पश्चिमेकडून येणारी हिवाळी वादळी हवा, पुढे सरकला की त्याच्या मागोमाग उत्तरेकडून कोरडे, थंड वारे येतात. वारे वाहत असतात तोवर बोचरी थंडी वाजते, परंतु वाहती हवा वरची ऊब खाली आणून मिसळत राहते आणि पानाला फार निवू देत नाही. वारा पडतो, आकाशात तारे लख्ख दिसतात आणि संध्याकाळपासूनच गारठा झपाट्याने वाढू लागतो, ती रात्र झाडांना जड जाते. माणसाला कमी बोचणारी रात्र झाडाला अधिक बाधू शकते, ही गोष्ट अंगवळणी पडायला वेळ लागतो. सर्वांत थंड क्षणही मध्यरात्रीचा नसतो. सूर्योदयाच्या आसपास, किंबहुना त्यानंतर काही मिनिटांनी तो येतो, कारण कोवळे ऊन जमिनीची उष्णतेची गळती भरून काढू लागेपर्यंत तापमान घसरतच राहते.

दवाचाही यात हात असतो. हवेतील बाष्पाचे दव होताना उष्णता बाहेर पडते आणि तापमानाची घसरण तेथे मंदावते. म्हणून दमट हवेत पहाटे भरपूर दव पडते, क्वचित ते गोठून पांढरेही होते, पण तापमान सहसा फार खाली जात नाही. हवा फार कोरडी असेल तर दव पडण्याची वेळच येत नाही, घसरणीला अडवणारे काही राहत नाही, आणि बाहेर कणभरही बर्फ न दिसता पानाच्या आतले पाणी गोठते. पांढरे काही दिसले नाही म्हणून झाडे वाचली, हा निष्कर्ष म्हणूनच घाईचा ठरतो.

पानाच्या आत काय घडते

थंडीने झाडाचे होणारे नुकसान दोन अगदी वेगळ्या प्रकारांचे असते, आणि आपल्याकडे या दोहोंना सरसकट ‘थंडीने करपले’ असेच म्हटले जाते. पहिल्या प्रकारात बर्फाचा काहीही संबंध नसतो. तापमान दहा-बारा अंशांच्या खाली गेले आणि काही रात्री तसेच राहिले, की उष्ण प्रदेशातील झाडांच्या पेशींचे पापुद्रे, म्हणजे पेशींभोवतीची पातळ आवरणे, बिघडू लागतात. हे पापुद्रे स्निग्ध पदार्थांचे बनलेले असतात आणि ते लवचीक, काहीसे प्रवाही असणे पेशीच्या सगळ्या व्यवहारांसाठी आवश्यक असते. स्वयंपाकघरात डिसेंबरच्या सकाळी तूप थिजलेले असते आणि शेजारचे शेंगदाण्याचे तेल मात्र पातळच असते. तसाच फरक झाडाझाडांच्या पापुद्र्यांत असतो. गहू, हरभरा, वाटाणा, कोबी यांचे पापुद्रे थंडीतही पातळ राहू शकणाऱ्या घटकांचे असतात. केळी, तुळस, टोमॅटो, वांगी यांचे पापुद्रे थिजू लागतात, त्यांतून क्षार आणि पाणी झिरपू लागते, मुळांची पाणी ओढण्याची शक्ती मंदावते, आणि माती ओली असूनही झाड सकाळी कोमेजलेले दिसते.

जळगाव जिल्ह्यातील केळी उत्पादकांना हा प्रकार चांगला परिचयाचा आहे. रावेर-यावल पट्ट्यात कडाक्याची थंडी पडली की केळीच्या पानांवर चरका, म्हणजे थंडीची इजा, दिसू लागतो, पाने पिवळी पडून कडेने सुकतात, नवे पान येण्याचा वेग मंदावतो आणि निसवणीच्या बेतात असलेल्या झाडाचा घड खोडातून पूर्ण बाहेर न पडता गळ्याशीच अडकतो. तेथील तापमान तेव्हा शून्याच्या जवळपासही नसते; सहा-सात अंशही केळीला बाधायला पुरेसे असतात. नाशिकच्या द्राक्षबागांतही बहुतेक नुकसान याच स्वरूपाचे असते. मण्यांची फुगवण थांबते, मणी तडकतात, आणि दिवस-रात्रीच्या तापमानातील तफावत वाढली की पांढऱ्या जातींत काही मणी गुलाबी होतात, ज्यांना निर्यातीच्या बाजारात मागणी नसते. घरच्या बागेत तुळशीची पाने जांभळट-काळसर होऊन गळतात, क्रोटन आणि डिफेनबाखिया पाने टाकतात, ऍडेनियमचे खोड मऊ पडते. हे नुकसान एका रात्रीत दिसत नाही. ते साचत जाते आणि आठवड्याने, पंधरा दिवसांनी उघड होते, त्यामुळे पुष्कळदा दोष पाण्याला किंवा खताला दिला जातो.

दुसरा प्रकार खऱ्या अर्थाने गोठण्याचा. पानाचे तापमान शून्याच्या खाली, साधारण उणे एक ते उणे दोन अंशांच्या दरम्यान गेले, की टोमॅटो, काकडी, बटाटा, केळी यांसारख्या झाडांच्या पानात बर्फ तयार होऊ लागतो. तो पेशींच्या आत एकदम तयार होत नाही. पेशींच्या मधल्या फटींमध्ये जे पाणी असते त्यात विरघळलेले पदार्थ कमी असतात, त्यामुळे ते आधी गोठते. पेशीतील रस साखर आणि क्षारांमुळे थोड्या अधिक थंडीत गोठतो. फटीतला बर्फ मग पेशीतले पाणी ओढून घेऊ लागतो आणि स्वतः वाढत जातो. पेशी आतून आकसते, तिचा पापुद्रा भिंतीपासून सुटतो आणि फाटतो. म्हणजे गोठलेले झाड खरे तर पाण्यावाचून मरते, पाणी त्याच्या पानातच असताना. थंडी फार झपाट्याने वाढली तर पेशीच्या आतही बर्फ होतो आणि मग ती पेशी हमखास मरते.

या क्रियेमुळेच सकाळचे चित्र फसवे असते. पहाटे सहाला गोठलेले पान ताठ, काचेसारखे ठिसूळ आणि हिरवेच दिसते. ऊन चढले आणि बर्फ वितळला, की फाटलेल्या पेशींतून पाणी फटींत पसरते, पान शिजवलेल्या पालेभाजीचे रूप घेते, दुपारपर्यंत लोंबते आणि एक-दोन दिवसांत काळे किंवा तपकिरी होऊन वाळते. स्ट्रॉबेरीच्या फुलात तर पाकळ्या पांढऱ्याशुभ्र राहतात आणि मधला भाग तेवढा काळा पडतो. फूल वरवर शाबूत दिसते, पण त्याला फळ धरत नाही, किंवा वेडेवाकडे फळ येते.

नुकसान थंडीचे की रोगाचे, हा प्रश्न टोमॅटो-बटाट्याच्या बाबतीत नेहमी पडतो, कारण दमट थंडीत येणाऱ्या करप्याचे डागही असेच पाणथळ आणि काळे असतात. करपा डागाडागांनी, काही दिवसांत पसरतो आणि ओल्या सकाळी पानाच्या खालच्या बाजूला डागाच्या कडेने पांढरी बुरशी दिसते. गोठण्याचे नुकसान एका रात्रीत होते आणि आकाशाकडे उघड्या असलेल्या भागावरच प्रामुख्याने दिसते. शेंडे आणि वरची पाने जळालेली, त्यांच्या आडची खालची पाने मात्र हिरवी, असे झाड दिसले तर औषधाची बाटली बाजूला ठेवावी.

शून्याखालीही न गोठणारे पाणी

येथे थोडे आडवाटेला जायला हरकत नाही. पाणी शून्य अंशाला गोठते असे आपण शाळेत शिकतो, पण बर्फाचा पहिला स्फटिक तयार होण्यासाठी काहीतरी आधार लागतो. अत्यंत शुद्ध पाण्याचे बारीक थेंब प्रयोगशाळेत उणे पस्तीस अंशांच्याही खाली द्रवरूपात राहू शकतात. पानावरचे पाणी इतके तग धरत नाही, याचे एक मोठे कारण म्हणजे पानांवर राहणारे काही जीवाणू. त्यांपैकी स्युडोमोनास सिरिंगी नावाच्या जीवाणूच्या पृष्ठभागावरील एक प्रथिन पाण्याच्या रेणूंना बर्फाच्या रचनेत बसवते, आणि त्यामुळे उणे दोन अंशांच्या आसपासच बर्फ होऊ लागतो. असे जीवाणू नसलेली कोवळी पाने त्याहून दोन-तीन अंश अधिक थंडीही न गोठता सोसू शकतात.

कॅलिफोर्नियातील शास्त्रज्ञ स्टीव्हन लिंडो यांनी यावरून असा विचार केला की हे प्रथिन बनवणारा जनुक काढून टाकलेले जीवाणू आधीच पानांवर पसरवले तर ते जागा अडवतील आणि मूळ जीवाणूंना शिरकाव मिळणार नाही. १९८७ मध्ये कॅलिफोर्नियात स्ट्रॉबेरीच्या आणि बटाट्याच्या शेतांवर त्याच्या चाचण्या झाल्या. जनुकबदल केलेले जीवाणू मोकळ्या वातावरणात सोडण्याचे ते पहिलेच अधिकृत प्रयोग होते, त्यांच्याविरुद्ध कोर्टकचेऱ्या झाल्या आणि प्रायोगिक रोपे उपटूनही टाकली गेली. हे उत्पादन पुढे बाजारात रुळले नाही. आज ‘थंडीरोधक’ म्हणून जी द्रावणे विकली जातात, त्यांच्याकडे मी त्यामुळे जरा साशंकतेने पाहतो. बर्फाचा पहिला स्फटिक रोखणे ही किती अवघड गोष्ट आहे हे या प्रकरणावरून ध्यानात येते.

पाणी, पांघरूण आणि धूर

संरक्षणाचे सर्व उपाय शेवटी एकाच हिशेबावर चालतात: उष्णता आकाशाकडे जाऊ द्यायची नाही आणि जमिनीत आहे ती झाडापर्यंत पोहोचू द्यायची. यात सर्वांत स्वस्त साधन म्हणजे ओली, उघडी माती. कोरड्या, भुसभुशीत मातीत हवा असते आणि हवा उष्णतेची वाईट वाहक आहे. ओली माती दिवसा अधिक उष्णता साठवते आणि रात्री ती वरपर्यंत आणते. म्हणून कडाक्याच्या रात्रीच्या आदल्या दिवशी, शक्य तर सकाळीच, वाफ्यांना आणि आळ्यांना पाणी द्यावे, म्हणजे दुपारच्या उन्हात ती ओल तापते. निफाड-दिंडोरीकडचे द्राक्ष बागायतदार पहाटे ठिबक सुरू करतात, त्यामागेही हाच विचार आहे. विहिरीचे पाणी हिवाळ्यातही हवेपेक्षा बरेच उबदार असते आणि तेवढी ऊब मुळांपाशी मिळते.

मातीवरचे आच्छादन मात्र येथे उलटे काम करते. पाचट, वाळले गवत किंवा पालापाचोळा मुळांना थंडीपासून जपतो हे खरे. पण तोच थर दिवसा ऊन मातीपर्यंत पोहोचू देत नाही आणि रात्री मातीची ऊब वर येऊ देत नाही, त्यामुळे आच्छादनाच्या वर असलेली पाने उघड्या मातीवरच्या पानांपेक्षा अधिक थंड होतात. हळद, आले, डेलिया यांसारखी कंदाने जगणारी झाडे असतील तर आच्छादन राहू द्यावे. टोमॅटोच्या किंवा मिरचीच्या कोवळ्या रोपांभोवतीचे मात्र थंडीच्या लाटेपुरते बाजूला सारलेले बरे.

पांघरूण घालताना ते कशासाठी हे लक्षात ठेवले तर पद्धत आपोआप सुचते. झाड स्वतः उष्णता निर्माण करत नाही, त्यामुळे पपईच्या शेंड्याला नुसते फडके गुंडाळून खोडाशी आवळून बांधले तर जमिनीची ऊब बाहेरच राहते आणि फडक्याचा उपयोग अर्ध्याहून कमी होतो. पांघरूण जमिनीपर्यंत सैल सोडावे, कडांवर विटा ठेवाव्यात, आणि ते संध्याकाळी ऊन उतरण्यापूर्वी घालावे, म्हणजे जमिनीची ऊब आत अडकते. जुनी सुती साडी, चादर, गोणपाट किंवा बाजारात मिळणारे पिकावर घालायचे पांढरे कापड (क्रॉप कव्हर), यांपैकी काहीही चालते. पातळ प्लॅस्टिकमधून अवरक्त किरण सहज आरपार जातात आणि पानाला जेथे ते टेकते तेथे पान गोठते, त्यामुळे प्लॅस्टिक वापरायचेच असेल तर काठ्यांच्या आधाराने झाडापासून दूर धरावे. सकाळी ऊन वर आले की पांघरूण काढावे, कारण दिवसभर झाकलेल्या मातीत पुढच्या रात्रीसाठी साठा होत नाही.

कुंड्यांचे काम सर्वांत सोपे असते आणि तेच बहुतेकांकडून राहून जाते. उघड्या गच्चीच्या मधोमध असलेली कुंडी कठड्याच्या आतल्या बाजूला, भिंतीला लागून किंवा पत्र्याच्या पडवीत सरकवली, की तिच्यावरचे उघडे आकाश निम्म्याने कमी होते आणि दिवसभर तापलेली भिंत रात्री तिला थोडी उष्णता देत राहते. आंब्यासारख्या सदाहरित झाडाखाली ठेवलेल्या कुंड्याही याच कारणाने वाचतात. ऍडेनियम आणि निवडुंग यांच्या बाबतीत मात्र ओल्या मातीचा नियम लावू नये. थंडी आणि ओल एकत्र आली की त्यांची खोडे सडतात, म्हणून त्यांना आडोशाला घेऊन पाणी जवळजवळ बंदच करावे.

धुराविषयी थोडे स्पष्ट लिहिणे आवश्यक आहे. बागेत ठिकठिकाणी शेकोट्या करून धूर करावा, असा सल्ला दर हिवाळ्यात दिला जातो आणि पुष्कळ शेतकरी तो पाळतात. शेकोटीचा फायदा होतो, पण तो जाळाच्या उष्णतेचा, धुराचा नव्हे. धुराचे कण इतके बारीक असतात की जमिनीतून निघणाऱ्या लांब तरंगलांबीच्या अवरक्त किरणांना ते फारसे अडवत नाहीत. सकाळचे ऊन मात्र ते अडवतात आणि उबदार होण्याची वेळ पुढे ढकलतात. ओला पाला टाकून मुद्दाम धूर वाढवण्यात त्यामुळे हशील नाही. एक मोठी होळी पेटवण्यापेक्षा अनेक लहान शेकोट्या करणे चांगले, कारण मोठ्या जाळाची गरम हवा सरळ उंच निघून जाते आणि तिच्या जागी बाजूची थंड हवा आत ओढली जाते. घरच्या बागेत मात्र शेकोटीपेक्षा चादर बरी.

पानांवर पाणी फवारण्याचा उपाय अर्धवट ज्ञानाने केला तर नुकसानच करतो, आणि त्याचे कारण आकड्यांत पाहता येते. वीस अंशांचे एक लिटर पाणी शून्यापर्यंत निवताना २० किलोकॅलरी उष्णता देते; तेच गोठताना आणखी ८० किलोकॅलरी देते. पाणी गोठत असताना पानाचे तापमान शून्याच्या आसपास टिकून राहते, या तत्त्वावर परदेशांतील फळबागांत रात्रभर तुषार सिंचन चालवतात आणि झाडे बर्फाने मढलेली असतानाही वाचतात. परंतु एक लिटर पाण्याची वाफ होताना सुमारे ६०० किलोकॅलरी उष्णता खर्च होते. फवारा मध्येच थांबला किंवा कमी पडला, तर ओल्या पानावरून होणारे बाष्पीभवन पानाला कोरड्या पानापेक्षाही थंड करते. वीज केव्हा जाईल याची खात्री नसलेल्या ठिकाणी हा उपाय करू नये, आणि पहाटे एकदा पंपाने पाने भिजवून तो केल्याचे समाधान तर मुळीच मानू नये. पाणी द्यायचे ते मातीला.

यांहून थोडी आधीची तयारीही असते. रात्री हळूहळू थंड होत गेल्या तर टोमॅटो-मिरचीसारखी झाडेही पेशींत साखर वाढवून थोडी कणखर होतात. डिसेंबरभर उकाडा राहून जानेवारीत पारा एकदम कोसळला तर त्यांना तेवढी सवड मिळत नाही. नोव्हेंबर-डिसेंबरात युरियासारखे नत्रयुक्त खत दिल्याने किंवा छाटणी केल्याने जी लुसलुशीत फूट येते, ती थंडीला सर्वांत आधी बळी पडते. रोपवाटिकेच्या शेडनेटमधून आणलेले रोप त्याच आठवड्यात उघड्यावर लावणे हेही तसेच.

करपल्यानंतर

नुकसान झालेल्या झाडाला सर्वांत मोठा धोका त्याच्या मालकाच्या घाईचा असतो. काळी पडलेली पाने आणि शेंडे पाहवत नाहीत, म्हणून लगेच कात्री लावली जाते. त्या वेळी मेलेला भाग कोठे संपतो आणि जिवंत भाग कोठे सुरू होतो हे दिसतच नाही, छाटणीमुळे नवी फूट लवकर निघते आणि पुढच्या थंड रात्री तीही जाते. वाळलेली वरची पाने खालच्या फांद्यांवरचे आकाश तेवढे झाकत असतात, तेव्हा ती असू द्यावीत. जास्वंद, बोगनवेल, क्रोटन यांची छाटणी फेब्रुवारीच्या उत्तरार्धात, गारठा सरल्यावर, डोळे फुगू लागले की करावी. मध्यंतरी शंका आलीच तर नखाने साल किंचित खरवडून पाहावी; खाली हिरवे, ओलसर दिसले तर फांदी जिवंत आहे, तपकिरी आणि कोरडे दिसले तर आणखी खाली पाहावे.

पाने गेलेल्या झाडाला पाणी कमी लागते, हे विसरून पूर्वीइतकेच पाणी देत राहिले तर थंडीतून वाचलेली मुळे ओलीने कुजतात. खतही या काळात देऊ नये. अळू वरून पूर्ण गेलेले दिसले तरी कंदातून पुन्हा येते. केळीची पाने जळाली तरी वाढीचा कोंब आवरणांच्या आत सुरक्षित असण्याची शक्यता बरीच असते, आणि तो गेलाच तर बुंध्याशी येणारी पिले असतात. घड अडकलेले झाड मात्र सुधारत नाही, ते काढून पिलाला जागा द्यावी. पपईकडे तेवढे तातडीने पाहावे लागते. तिचा शेंडा मेला तर पोकळ खोडात वरून पाणी शिरते आणि कुज खाली उतरत जाते. म्हणून मऊ पडलेला भाग निरोगी, टणक खोडापर्यंत कापून, कापावर बोर्डो पेस्ट (मोरचूद आणि चुन्याचा बुरशीनाशक लेप) लावून, त्यावर प्लॅस्टिकचा तुकडा टोपीसारखा बांधावा. खोड टणक राहिले, तर मार्चमध्ये बाजूने फुटवे येतात. त्यांतला एक जोमदार ठेवून बाकीचे काढून टाकावेत.